माघ 1918: औंधहून मिरजेला

साल 1918, माघ महिना. औंध संस्थानातल्या एका खेड्यात तुम्ही मध्यरात्री बैलगाडी जुंपली आहे. गाडीत कडबा, त्यावर वाकळ, आणि वाकळीवर तुमची आई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. गेल्या वर्षापासून ती चुलीपुढे हातानं चाचपत बसते, भाकरी थापते आणि तवा कुठे आहे ते धगीवरून ओळखते. गावोगाव फिरणारा एक जण सुई घालून मोतीबिंदू ढकलून देतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडून करून घेतलं, चार दिवस त्याला दिसलं आणि मग डोळाच गेला. म्हणून तुम्ही मिरजेला निघालाय, मिशनच्या दवाखान्यात.

थंडी बोचरी आहे. दोन्ही अंगांना शाळू उभा आहे. औंधच्या अलीकडे आई विचारते, "यमाईचा डोंगर कुठल्या हाताला?" तुम्ही तिचे खांदे धरून तिला वळवता आणि ती अंधारात हात जोडते. तिला मिशन म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिचा देव डोंगरावर आहे, आणि तिचा राजा, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, 1909 साली गादीवर आलेला, सूर्यनमस्कार घालतो, रामायणाची चित्रं काढतो आणि स्वतः कीर्तनाला उभा राहतो. राजानं कीर्तन करावं यात तिला नवल वाटत नाही. देवाचं काम ज्याला येतं त्यानं करावं, इतकं साधं तिचं शास्त्र आहे. पुढे मिरजेत तेच तिच्या उपयोगी पडणार आहे.

उन्हं वर येता येता गाडी रहिमतपूर स्टेशनला लागते. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा तिसरा वर्ग. डब्यात लढाईवर गेलेल्या पोरांच्या गोष्टी आणि महाग झालेल्या रॉकेलच्या तक्रारी. कऱ्हाड जातं, ताकारी जातं. कुंडल रोडला गाडी थांबते तेव्हा खिडकीतून कारखान्याची धुराडी दिसते. आठ वर्षांपूर्वी इथे निवडुंगाचं माळरान होतं. तुमच्याच राजानं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिलं आणि आता तिथे नांगर तयार होतात. आईला तुम्ही हे सांगता. ती म्हणते, "मला दिसल्यावर दाव."

मिरजेला स्टेशनाबाहेर टांगेवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. डोळ्याला फडकं बांधलेली म्हातारी बघून तोच म्हणतो, "वॉन्लेसच्या दवाखान्यात ना?"

विल्यम वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आला. आधी सांगलीत छोटा दवाखाना, मग मिरजेत संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर 1894 साली रुग्णालय. पुढच्या काही वर्षांतच त्यानं इथे मराठी मुलांना वैद्यकी आणि मुलींना शुश्रूषा शिकवायला सुरुवात केली. सावकार आला तर पैसे घेतात, गरिबाकडून घेत नाहीत, ही कीर्ती तुमच्या खेड्यापर्यंत पोचली ती बरे होऊन आलेल्या माणसांच्या तोंडून.

पण तुम्हाला मी इथे आणलंय ते साहेबाला भेटवायला नाही. साहेबाचं नाव पुढे सर विल्यम होईल, सांगली-मिरजेच्या मधल्या वाडीला वॉन्लेसवाडी म्हणतील. त्याची आठवण ठेवायला बरेच जण आहेत. तुम्ही जरा आवारात बसा.

व्हरांड्यात रोगी रांगेनं बसलेत. लिंगायत व्यापारी, मुसलमान विणकर, कर्नाटकातून आलेलं कानडी बोलणारं कुटुंब, तुमच्यासारखे कुणबी. एक मराठी माणूस शुभवर्तमानातली गोष्ट वाचतो, आंधळ्याला दृष्टी मिळाल्याची. काही ऐकतात, काही तंबाखू मळतात. मग नावं पुकारली जातात आणि काम सुरू होतं. झाडांखाली नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटलेल्या आहेत, ज्याची त्याची वेगळी, कारण जातही इथवर गाडीत बसून आलेली आहे.

दुसऱ्या दिवशी आईला आत नेतात. पापण्यांचे केस कापलेले, चेहरा धुतलेला, डोळ्यांत कोकेनचे थेंब. ती पूर्ण शुद्धीत आहे. सुरी हातात घेण्याआधी टेबलाभोवतीची माणसं डोळे मिटून मराठीतून प्रार्थना करतात. आईला शब्द सगळे कळतात. डॉक्टरच देवाकडे मागतोय म्हटल्यावर तिला आधी भीती वाटते आणि मग, का कोण जाणे, धीर येतो. हे ती तुम्हाला नंतर सांगेल. मोतीबिंदू निघतो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पुढचे काही दिवस पाठीवर पडून राहायचं, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. लघवी-संडासही जागेवर.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबता येत नाही. तुम्ही खिडकीखाली घोंगडी टाकून पडलाय. मध्यरात्रीनंतर आई कण्हते, आणि पावलं वाजतात.

"आजी, पाणी हवंय?"

"माझा ल्योक कुठंय?"

"बाहेर झोपलाय. उठवू का?"

आई गप्प. मग ती मुलगी बोलते. आवाज तरुण आहे, बोलण्याला नगरकडचा हेल आहे.

"आजी, एक सांगते. मी ख्रिस्ती आहे. त्याआधी आमचं घर महारवाड्यात होतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगते. चालत असेल तर पाजते, नाहीतर त्यांना हाक मारते."

तुम्ही बाहेर श्वास रोखून पडलेले आहात. आईचा आवाज येत नाही. खिडकीपाशी येऊन ती तुम्हाला हाक मारते, दारातून आत घेते, चोचीचं भांडं तुमच्या हातात देते. तुम्ही आईला पाणी पाजता. मुलगी कंदील धरून उभी राहते. तिच्या चेहऱ्यावर राग नाही, कीव नाही. भांडं परत घेऊन ती पुढच्या खाटेकडे जाते.

या क्षणी तुम्ही थोडं थांबा, कारण मला हीच जागा दाखवायची होती. पट्टी बांधलेल्या म्हातारीला पाणी कुणी दिलं ते कधी कळलं नसतं. मुलगी न बोलता पाजू शकली असती आणि कुणी तिला दोष दिला नसता. पण तिनं आधी सांगितलं. आपली जात सांगणं म्हणजे आपला अपमान ओढवून घेणं हे तिला पक्कं ठाऊक असूनही सांगितलं, कारण समोरची बाई असहाय आहे आणि असहाय माणसाला फसवायचं नाही. ख्रिस्ताच्या शिष्यत्वावर मोठमोठे ग्रंथ आहेत. मला त्याचा अर्थ या कंदिलाच्या उजेडात जितका कळतो तितका त्या ग्रंथांत कळत नाही. ख्रिस्तानं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले. या मुलीनं दिवसभरात किती भांडी धुतली, किती चादरी बदलल्या, ते तिनंही मोजलेलं नाही. पाळी संपली की ती खोलीवर जाईल आणि पहाटे पुन्हा येईल. बाजारात तिला कुणी बाटगी म्हणेल. ख्रिस्ती देवळात तिच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्यांपैकीही काहींना तिचं आधीचं घर आठवत असेल, कारण बाप्तिस्म्यानं जात पुसली जाते असं म्हणणं सोपं असतं.

दुसऱ्या रात्री तेच. पावलं, प्रश्न. तुम्ही उठून बसता, पण हाक येत नाही. आत आई म्हणते, "नगं उठवूस त्याला. दमलाय. दे तूच." आणि मग थोड्या वेळानं, "कुणाची गं तू? आई-बा हायती का?"

इथे तुमच्या मनात एक प्रश्न येईल आणि तो यायलाच हवा. हे सगळं धर्मांतरासाठी चाललंय का? व्हरांड्यात शुभवर्तमान वाचतात ते ऐकणाऱ्यांनी ख्रिस्ताकडे यावं म्हणूनच. मिशननं ते कधी लपवलं नाही. काही ठिकाणी मिशनरींनी इथल्या देवांबद्दल तुच्छतेनं लिहिलं, बोललं, आणि त्याची सल अजून आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या भीतीचा फायदा घेणं हे पाप आहे, ते कुठल्याही देवाच्या नावानं केलं तरी. पण ही मुलगी तुमच्या आईकडून काही मागत नाही. आई यमाईचं नाव घेत पडून आहे, आणि मुलगी तिची उशी सरळ करते. ज्या पाण्याच्या बदल्यात काही मागितलेलं नाही त्याला आमिष म्हणू नये.

चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डात भजन होतं. पेटी नाही, नुसत्या टाळ्या. आई कान देते. चाल ओळखीची आहे, घाट अभंगाचा.

"तुकोबाचाच वाटतोय," ती म्हणते.

मुलगी हसते. "नाही आजी. आमच्या टिळकांचा. साताऱ्याला असतात ते आता."

पट्टी सुटते. जाड भिंगाचा चष्मा मिळतो. आई आधी तुमच्याकडे बघते, मग मान वळवून वॉर्डात कुणाला तरी शोधते. ती मुलगी सुट्टीवर आहे. तिचं तोंड आईला दिसत नाही ते नाहीच.

परतीच्या वाटेवर आई हट्ट धरते की तो अभंगवाला बघायचा. सातारा रोडला उतरून तुम्ही टांगा करता. तुम्हाला ही सक्ती वाटते, पण म्हातारीला इतक्या दिवसांनी दिसतंय. तिला दिसेल ते सगळं बघायचंय.

नारायण वामन टिळक साताऱ्यात आहेत हे तुमचं नशीब, कारण ते सारखे फिरतीवर असतात. जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, जात चित्पावन. रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या माणसानं बायबल दिलं, ते वाचत गेले आणि 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. वीस वर्षांहून जास्त अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम केलं, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन करतात, मराठी ख्रिस्ती माणसाला विलायती चालीऐवजी अभंग, ओवी आणि कीर्तन दिलं. ते सांगत की मी ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. आणि गेल्या वर्षी, 1917 साली, त्यांनी मिशनचा पगार सोडला. पगारी प्रचारक म्हणजे ख्रिस्ताचा शिष्य नव्हे असं त्यांना वाटू लागलं होतं. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडलाय. त्यात बाप्तिस्मा घेतलेले यावेत आणि न घेतलेलेही. ख्रिस्ताला गुरू मानणारा, आपल्याच माणसांत, आपल्याच वेषात राहून त्याच्यासारखं वागू पाहणारा कुणीही.

तुम्ही बाहेरच्या खोलीत टेकता. दाढीवाले टिळक, चष्मा, पागोटं, भोवती दोन-चार माणसं. बोलणं चाललंय ते ख्रिस्ती होण्याविषयी कमी आणि ख्रिस्ताबरोबर राहण्याविषयी जास्त. तुम्हाला अर्धं कळतं, पण या खोलीत कुणी कुठे बसायचं ते कुणी ठरवत नाही, हे तुमच्या ध्यानात येतं.

आई मात्र आत गेलीय, स्वयंपाकघराकडे. आणि खरं बघायचं तर तिनं योग्य दार निवडलंय.

कारण या घराचं शिष्यत्व लक्ष्मीबाईंच्या पदरात पडलेलं आहे. नवऱ्यानं न सांगता धर्म बदलला तेव्हा त्यांचं जग कोसळलं. लहान मुलाला घेऊन त्या पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याकडे परत आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्या ब्राह्मण म्हणून जगल्या. मग स्वतः विचार करून, कुणाच्या धाकानं नाही, त्यांनी ठरवलं की ही शिवाशिव देवानं केलेली नाही. त्यानंतर कुणाच्याही हातचं खाल्लं, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. टिळक हातातलं होतं-नव्हतं ते समोर येईल त्याला देऊन मोकळे होतात. संध्याकाळी डब्यात पीठ आहे की नाही ते लक्ष्मीबाईंनी बघायचं. टिळक संन्यास घेतात, आणि घर मात्र तसंच उरतं, आल्यागेल्याचं, पोरक्या मुलांचं. मला टिळकांबद्दल अपार आदर आहे. पण सगळं देऊन टाकणाऱ्याच्या मागे उरलेल्यांना जेवू घालणारी बाई उभी असते, आणि धर्मकार्याच्या हिशेबात तिचं नाव सहसा येत नाही. लक्ष्मीबाईंचं आलं, कारण पुढे त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि मराठी वाचकानं ती हृदयाशी धरली.

आत दोघी काय बोलल्या ते तुम्हाला ऐकू येत नाही. बाहेर पडताना आईच्या हातात गुळाचा खडा आहे. टांग्यात बसल्यावर ती इतकंच म्हणते, "तिनंबी आधी पाणी निराळं ठेवलं व्हतं."

टिळकांना आणखी पंधरा महिनेसुद्धा नाहीत. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत जातील. दरबार त्यांच्यामागे टिकणार नाही. संस्था म्हणून तो फसला असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण महाराष्ट्रात ख्रिस्ताच्या नावानं जे काही उभं राहिलं त्यात इतका प्रामाणिक प्रयोग मला दुसरा दिसत नाही. आणि त्याच्याही आधी, याच वर्षाच्या आश्विनात, इन्फ्लुएंझा येईल. गावंच्या गावं झोपतील. शुश्रूषा करणाऱ्यांना पळून जाता येणार नाही. मिरजेची ती मुलगी त्यातून वाचते का, हे तुम्हाला कधी कळत नाही.

आता एकवीस वर्षं पुढे या. साल 1939. आई गेली. तुम्ही साठीला आलाय. जानेवारीत राजानं, त्याच बाळासाहेबांनी, गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. तुम्ही कामानिमित्त आटपाडीला जाता. हाही मुलूख औंधचाच. तिथे माळावर खुनाची शिक्षा झालेली माणसं शेत नांगरतायत. भिंत नाही, पायात बेडी नाही. जागेचं नाव स्वतंत्रपूर. बायका-पोरांना जवळ ठेवण्याची मुभा. यामागे मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर आहे, जन्मानं ज्यू, मनानं गांधींचा, अंगात खादी. पुढे ग. दि. माडगूळकर, जे याच आटपाडी भागातले, ही गोष्ट व्ही. शांताराम यांच्या चित्रपटासाठी लिहितील आणि 1957 साली देशभर लोक ती बघतील.

फ्रीडमनला ख्रिस्ती ठरवायचा मोह मला नाही आणि तुम्हीही करू नका. तो त्याच्या वाटेनं आला. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी जी विचारणा होणार आहे तिची यादी छोटी आहे. तहानलेला, भुकेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला, यांच्याकडे तुम्ही गेलात का? टिळकांनी दरबाराचं दार बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठी उघडं ठेवलं ते हीच यादी वाचून, असं मला वाटतं. मिरजेत रात्री पाणी देणारी आणि आटपाडीत बेड्या काढणारा, दोघांनी त्यातली एकेक ओळ घेतली आणि रोजच्या कामाच्या वेळेत ती पाळली.

आता परत या. मिरजेतल्या रुग्णालयाला वॉन्लेसचं नाव मिळालं. टिळकांची कविता पाठ्यपुस्तकांत आली, लक्ष्मीबाईंचं पुस्तक अजून छापलं जातं. पण नगर, सातारा, सांगली, कोल्हापूर इथल्या मराठी ख्रिस्ती घरांतून ज्या शेकडो मुली परिचारिका झाल्या, ज्यांनी रात्रीच्या पाळ्या केल्या आणि आपलं आधीचं घर न लपवता परक्या म्हाताऱ्यांना पाणी पाजलं, त्यांतल्या बहुतेकींचं कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या घरात अशी आजी किंवा पणजी झाली असेल तर जुन्या ट्रंका उघडा. प्रमाणपत्र असेल, बिल्ला असेल, एखादा वॉर्डातला फोटो असेल. तिचं नाव, गाव, शिकल्याचं साल आणि कामाची जागा लिहून काढा, आणि घरातल्या थोरांना आठवतंय तोवर त्यांना विचारून घ्या.